कोठीतले चष्मे

त्या उन्हाळ्यात पाटोद्याच्या स्टँडवर ना नळाला पाणी होतं, ना गाडीचा पत्ता. जाईबाई बाकड्यावर टेकली, तर शेजारी आंधळी चतुराबाई आणि तिच्या गावचे मास्तर बोलत बसलेले. जाईबाईनं तोंड फिरवलं, कान मात्र तिकडंच ठेवले.

“मावशी, उद्या शाळेत यायचं बरं का. पोरांना दिव्यांगांचा इतिहास शिकवतोय. पुस्तकात कुठं हाय तो? तुमच्या तोंडून ऐकू द्या.”

“काय सांगू, मास्तर?”

“डोळे कसे गेले, तिथून सुरू करा.”

“बहात्तरच्या दुष्काळात गेले. मजूर सोसायटीच्या कामावर खडी फोडीत होते. कपची उडाली. एक डोळा तवाच गेला, दुसरा मागून. जाळीचे चष्मे आलते की कोठीत. पर चष्म्यानं हात हळू चालतो म्हणून मुकादमानं वाटलेच न्हाईत.”

“कोण मुकादम?”

“आता तुमच्या शाळंचा अध्यक्ष हाय, त्योच.”

मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं.

“मावशी, उद्या तेच पाहुणे हायत. तुमचा सत्कार बी त्यांच्याच हातनं हाय.”

“मग?”

“मग... देवीच्या रोगात डोळे गेले, असं म्हणा. तवा लई जणांचे जायचे.”

“इतिहास म्हणलात न्हवं?”

“माझी नोकरी हाय, मावशी. पोरांना काय कळतंय?”

चतुराबाईनं आपल्या सुरकुतल्या गालांवरनं, कपाळावरनं सावकाश हात फिरवला.

“देवीचा एक तरी वण हाय का ह्या तोंडावर? का पोरं बी माझ्यासारखीच आंधळी हायत, मास्तर?”