एका मीटरचे दोनशे छप्पन्न

सचिन नावाच्या गावातल्या कापड कारखान्यात माझी अब्रू जाता जाता कशी वाचली, ते ऐक. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कापड मोजणारा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिलेला; तो आकडा ऑफिसमधल्या पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम माझा सहकारी जिग्नेशने जावामध्ये. दोन्ही प्रोग्राममधले निरोप आम्ही कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी तपासले. लूम बंद, पडद्यावर शून्य. एकदम पास!

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या शेठसमोर लूम सुरू केला. कापड विणलं एक मीटर, पडद्यावर दोनशे छप्पन्न!

शेठ म्हणाले, "बेन, शाम तक ठीक नहीं हुआ तो ये सब उठा के ले जाना."

जिग्नेश म्हणतो, "मारो कोड बराबर छे."

"माझाही बरोबरच आहे!" मी ओरडले आणि तिथेच माझी ट्यूब पेटली. आकडा दोन बाइटमध्ये जातो. मी लहान किमतीचा बाइट आधी पाठवत होते, त्याचा प्रोग्राम मोठ्या किमतीचा आधी समजून वाचत होता; 01 उलटं वाचून 10 व्हावं, तसे एकाचे दोनशे छप्पन्न. शून्य मात्र कुठूनही वाचा, शून्यच!

मी माझा क्रम उलटा केला, लूम पुन्हा चालवला. एक मीटर कापड, पडद्यावर एक! मी खुर्चीतून उडालेच.

शेठनी लूमकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "बेन, बाकी के सब लूम पे भी लगा दो," म्हणाले. "पर सच बोलूं? सुबहवाला लूम ज्यादा अच्छा था!"