अर्जाची पोच

व्हय, पोच शोधतेच की मॅडम — बसा तुमी, पंखा लावते — न्हाई, आमचे हे कुठं पळून गेले न्हाईत, टँकर आलाय, पाण्याला गेल्यात, येतील एवढ्यात. सांगलीस्नं जतच्या ह्या टोकाला एका कागदासाठी आलाय म्हटल्यावर द्यायलाच पायजे. ट्रंकेत न्हाई… गादीखाली बघते.

मी सातवी शिकल्याली, मला संगणकातलं काय कळतंय? पण त्या दिवशी डबा घेऊन पंचायतीत गेले तर ह्यांचं तोंड पांढरं पडल्यालं. पडद्यावर लाल पाटी, आन् एक फाईल उघडंना — जन्माच्या नोंदी, घरकुलाच्या याद्या, सगळ्याला कुणीतरी बाहेरनं कुलूप घातल्यालं. हे म्हणाले, सहा तासांच्या आत वर कळवायचा नियम हाय. तालुक्याच्या साहेबास्नी फोन लावला. काय म्हणाले साहेब? तोंडी चालत न्हाई, लेखी द्या, शिक्क्याची पोच घ्या. मग ह्यांनी हातानं अर्ज लिहिला, वेळ टाकली — सव्वाअकरा — आन् माझ्याजवळ दिला. मी संगणक सोडून हलत न्हाई, तू एकच्या एस्टीनं जा, पोच घेतल्याबिगर येऊ नको म्हणाले.

गेले की! पोरीला, नूरीनला काखेत मारून स्टँडपर्यंत गेले. तितं बिराप्पा बसल्याला, दुसऱ्याची मेंढरं घेऊन. तुमी न्हाई वळखणार त्याला — नऊ वर्षं गावाला पाणी सोडायचा. टाकीत टाकायचं औषध संपलंय म्हणून त्यानंच वर कळवलं, आन् चौथ्या दिवशी त्यालाच काढला. तूच हयगय केलीस म्हणून! मी त्याच्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं — एस्टी आली, माणसं चढली, कंडक्टर म्हणाला, ताई, यायचं का न्हाई…

आता बोलून बसलेच हाय — चढलेच न्हाई मी.

घरी आले. दिला का? — दिला. पोच? — साहेब जेवायला गेल्यात, पोच उद्या मिळंल. असं तोंडावर सांगितलं मी! मागनं म्हटलं, पोच आली, जपून ठेवलीय. तवापास्नं हे छाती ठोकून सांगत्यात, मी त्याच दिवशी कळवलंय, पोच घरात हाय. तुमच्या सांगलीत चौकशीला सगळे हसले म्हणं. मतीन शेख खोटं बोलतोय म्हणाले.

हा घ्या अर्ज, पोच न्हाईच. पोरीच्या लसीच्या कार्डात घातलाय. अक्षर त्यांचं, वेळ त्यांची. उशीर त्यांनी न्हाई केला मॅडम, मी केला.

काय? आणखी तीन गावांचे संगणक बी कुलूपबंद? दुसऱ्याच दिवशी? आन् आमी कळवलं असतं तर त्यांनी आपले संगणक बंद करून ठेवले असते व्हय? — मला हे कुणी सांगितलंच न्हाई. कळवणाऱ्याचंच नाव पुढं येतंय, एवढंच मी बघितल्यालं.

एवढं करा मॅडम, पाया पडते — तालुक्यात सापडला म्हणा. कुणाच्या तरी टेबलाखाली. ह्यास्नी कळलं तर कुठल्या तोंडानं ऱ्हाऊ मी घरात? — लिवताय काय? नका लिवू. आधी माझं ऐकून तर…

घागरी वाजल्या. आले बघा.

न्हाई, तुमी काय बोलू नका. मीच सांगते.

आवं — आधी त्या घागरी खाली ठेवा.