दहा पावलं मागे

माझ्या चित्राला बक्षीस कुणामुळे मिळालं, माहितीये? बैलांच्या दलालामुळे!

धुळ्याच्या शेतकी प्रदर्शनात मी कोकण किनाऱ्याचं चित्र लावलं होतं. होड्या, जाळी, टोपल्या घेतलेल्या कोळणी, सगळं रंगाच्या जाड फटकाऱ्यांनी. हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं, "फजिती झाली, तर शाळेतला तुमचा चित्रकलेचा तास बंद!"

परीक्षक साहेबांनी चित्राला नाक लावलं. "हे चित्र आहे की रंग पुसायचं फडकं? उतरवा!"

मी चित्र उतरवायला हात घातला. तेवढ्यात मागून सोनगीरचे दलाल नाना गरजले. जन्म बैलबाजारात गेलेला, समुद्र कधी पाहिलेला नाही.

"राहू द्या, मास्तर! साहेब, बैल पहिले दूरथीन देखतस. दात मंग मोजतस."

लोक हसले. साहेब चिडून मागे सरकू लागले, ते दहाव्या पावलाला थबकले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"अहो, होड्या डुलताहेत की!"

पहिल्या नंबरची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने चित्राला लावली. नाक पुन्हा चित्राजवळ आलं, तसं नानांनी विचारलं,

"आते दात मोजतस का, साहेब?"