शेवटच्या सीटवरून दोन शब्द

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आपल्या उद्यानाचे व्यवस्थापक साहेब, व्यासपीठावर अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती फिटरकाका, त्यांच्या शेजारी अजिबात न अवघडता बसलेल्या काकू, आणि साप्ताहिक सुट्टी असूनही या उपाहारगृहात जमलेल्या समस्त कर्मचारी बंधुभगिनींनो,

मी इथला कर्मचारी नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. मग मला दोन शब्द बोलायला का बोलावलं? तर व्यवस्थापक साहेब म्हणाले, "तुम्ही आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक." सव्वीस वर्षं मी आपल्या लाल रोलर कोस्टरवर बसतो आहे. वहीत नोंद आहे, तीन हजार चारशे बारा फेऱ्या. यात बंद पडून मध्येच उतरावं लागलेल्या दोन फेऱ्या मी धरलेल्या नाहीत.

फिटरकाकांनी एकतीस वर्षं या गाडीची देखभाल केली. त्यांच्या कामाबद्दल आधीच्या वक्त्यांनी इतकं चांगलं सांगितलं की मला बोलायला जागाच उरली नाही. तेव्हा मी थोडं वाईट बोलतो. चालेल ना? अध्यक्षांनी मान हलवली आहे, असं मी समजतो.

मित्रहो, मला या माणसाचा हेवा वाटतो. प्रसंगाला साजेल असा गोड हेवा नव्हे, चांगला पोटात दुखणारा हेवा. तो का, हे सांगायचं तर आधी माझी काही मतं सांगावी लागतील. ज्यांनी ती आधी ऐकली आहेत, त्यांनी चहा घ्यायला हरकत नाही.

माझ्या मते राईड एकाच सीटवर कळते, ती म्हणजे शेवटच्या. पहिल्या सीटवर फोटो काढून घेणारे बसतात. शेवटचा डबा मात्र चढ संपता संपता पुढच्या डब्यांच्या ओढीने असा खेचला जातो की माणूस सीटवरून बोटभर वर उचलला जातो. त्या बोटभर जागेसाठी मी सव्वीस वर्षं येतो आहे. हल्ली नव्या उद्यानांत सात सात वेळा उलटं टांगतात, समोर पडदा लावतात, कानात संगीत सोडतात, आणि बाहेर पडताना तुमचाच घाबरलेला फोटो तुम्हाला विकतात. माणसाला उलटं करायला काय लागतं? एक खराखुरा उतार बांधून दाखवा! आपल्या लाल गाडीला तसा उतार आहे. आणि दुपारी तीननंतर, वंगण तापल्यावर बसावं. सकाळी ती आळसावलेली असते. मधल्या रांगांबद्दल माझं मत असं की ज्यांना कसलंच मत नाही, त्यांच्यासाठी त्या आहेत. असं मत होतं, म्हणू या. त्यावर येतोच.

आता फिटरकाका. रोज सकाळी दार उघडण्याआधी गाडीत वाळूच्या पिशव्या ठेवून एक फेरी सोडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी हे गृहस्थ काय करतात? तिसऱ्या वळणाखालच्या बाकावर बसतात आणि डोळे मिटतात. गाडी डोक्यावरून जाते, आणि हे म्हणतात, "तिसरा डबा, डावं चाक, कुरकुरतंय." चाक काढून बघावं तर खरंच झिजलेलं. मी त्याच गाडीत तीन हजार वेळा बसलो. मला कधी चाक ऐकू आलं नाही. मी ओरडत होतो ना!

बरं, हा माणूस स्वतः राईडवर बसत नसे. एकदाही नाही! ज्या गाडीची किल्ली खिशात, तिच्यावर बसायचं नाही. मला हे कळलं तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरचा चष्मा दिला होता.

आता मुद्द्याचं. माझी मुलगी दाराशी उभी आहे. बघू नका तिकडे, ती लाजेल. बघितलंतच.

ती सहा वर्षांची असल्यापासून मी तिला सुट्टीच्या दिवशी इथे आणत होतो. एकच इच्छा होती. शेवटच्या सीटवर मी, शेजारी ती, आणि तो बोटभर उचलला जाण्याचा क्षण दोघांनी मिळून घ्यायचा. पण ती घाबरायची. मी समजावलं, आमिषं दाखवली, एकदा तर रागावलोही. तिची आई म्हणाली, "अहो, पोरीला भूक नसताना भरवताय कशाला?" मग मी तिला खाली सोडून फेऱ्या मारू लागलो. ती कुठे बसायची? तिसऱ्या वळणाखालच्या बाकावर. या गृहस्थांच्या शेजारी.

दहा वर्षं, मित्रहो! मी वर फिरत होतो आणि खाली माझी मुलगी डोळे मिटायला शिकत होती. आठ वर्षांची असताना तिने यांच्या आधी सांगितलं, "काका, दुसरा डबा." ते मला घरी कुणी सांगितलं नाही. चहाच्या टपरीवर, तिकीट खिडकीवरच्या बाईंकडून कळलं. घरी ती फिटरकाका असं म्हणतात, फिटरकाका तसं म्हणतात, असं चालवायची. एकदा जेवताना मी म्हटलं, "त्या फिटरकाकांनाच दत्तक जा." तिची आई हसली. ती हसली नाही.

ती सोळा वर्षांची असतानाची गोष्ट. शनिवारची दुपार, साडेतीन वाजलेले, वंगण मस्त तापलेलं. मी फलाटावर शेवटच्या रांगेच्या फाटकापाशी उभा होतो. शेवटची सीट माझ्या पुढच्याने घेतली. फलाटावरचा माणूस म्हणाला, "साहेब, मध्ये एक जागा रिकामी आहे, बसता का?" मी नाक मुरडलं. म्हटलं, "नको. मी पुढच्या गाडीला थांबतो. शेवटच्या सीटसाठी." त्याने फाटकं लावून घेतली.

आणि मग कर्मचाऱ्यांच्या दारातून फिटरकाका आले. चेहरा पांढराफटक. मागे माझी मुलगी, तिचाही तसाच. दोघं चौथ्या रांगेत, त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जागांवर बसली. मांडीवरचे दांडे खाली आले. तिने मला पाहिलं आणि हाक मारली, "बाबा!" तिच्या नेमकी समोरची, तिसऱ्या रांगेतली सीट रिकामी होती. मी नाकारलेली. मी फाटकाला हात लावला, पण एकदा दांडे बसले की फाटक उघडत नाही. तो नियम मीच इतरांना समजावून सांगायचो.

गाडी गेली. ती रिकामी सीट माझ्या मुलीच्या पुढे पुढे सगळी फेरी फिरून आली.

नंतर कळलं की त्या सकाळी तिने यांना विचारलं होतं, "काका, तुम्ही का नाही बसत?" हे म्हणाले, "बाळा, या गाडीतला प्रत्येक बोल्ट मी हातात घेतलाय. कुठला ढिला होऊ शकतो, ते मला माहीत आहे. भीती वाटते." ती म्हणाली, "मलाही. मग बरोबर बसू." इतकं साधं होतं ते! दहा वर्षांत मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं की मला भीती वाटते. आणि मला ती पहिल्या फेरीपासून वाटत आली आहे.

ती उतरली तेव्हा गाल लाल, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी आणि हसू. धावत माझ्याकडे आली. आणि मी, तिचा बाप, तिला काय म्हणालो? म्हणालो, "मधली रांग? ती काही खरी राईड नव्हे."

त्या वाक्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर ती माझ्याबरोबर कधी बसली नाही. मी विचारलं नाही, तिने विचारलं नाही. तिने यंत्रांचं शिक्षण घेतलं, इथे नोकरी धरली, चार वर्षं यांच्या हाताखाली काम केलं. मी फेऱ्या वाढवत राहिलो.

आणखी एक कबुली द्यायची आहे. नऊ वर्षांपूर्वी, त्या फेरीच्याच आठवड्यात सूचनापेटीत एक निनावी पत्र आलं होतं, "आपला फिटर रोज सकाळी कामाच्या वेळी बाकावर झोपतो." व्यवस्थापक साहेबांना आठवत असेल. ते पत्र माझं. मगाशी चहाच्या वेळी मी काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. चष्म्याच्या पावतीवर तुमचंच अक्षर असतं. माझा चष्मा तुमच्याकडचाच आहे." आणि त्यानंतरही ते चष्मा माझ्याच दुकानातून करत राहिले! सांगा, अशा माणसाचा हेवा करावा तरी किती?

आता थोड्याच वेळात माझ्या हस्ते यांना उद्यानाचा आजीव मोफत पास देण्यात येणार आहे. सव्वीस वर्षं ज्याची मी वाट पाहिली, तो पास राईडवर एकदाच बसलेल्या माणसाला, आणि तोही माझ्याच हातून! काका हळूच म्हणाले, "तुम्हीच ठेवा." नको काका. त्यावर तुमचा फोटो आहे. आणि मी तिकीट काढून येईन.

उद्यापासून काकांच्या जागी माझी मुलगी काम पाहणार आहे. बाकावर ती बसेल आणि डोळे मिटेल. तिच्या शेजारी बसायचा हक्क मला नाही, तो काकांचा आहे. पण बाळा, उद्या तुझं काम संपल्यावर मी फलाटावर उभा असेन. येशील का माझ्याबरोबर? मला भीती वाटते. जी गाडी येईल तिच्यात, जी जागा मिळेल तिथे बसू. मधली रांगसुद्धा खरी राईड असते. हे मला नऊ वर्षांपूर्वी म्हणायचं होतं.

ती मान हलवते आहे. हो म्हणते आहे की आता पुरे करा म्हणते आहे, ते इथून कळत नाही. मी चष्मा पुसतो जरा.

काकू, तुम्ही हा माणूस रोज सकाळी आमच्यासाठी सोडलात, तुमचे आभार. काका, माझ्या मुलीच्या शेजारी त्या दिवशी कुणीतरी बसायला हवं होतं. तुम्ही बसलात. तुमचे आभार मानणं अजूनही जड जातं, पण मानतो. व्यवस्थापक साहेबांनी पाच मिनिटं दिली होती, ती मी केव्हाच ओलांडली. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, तर एका जळक्या गिऱ्हाइकाचं बोलणं समजून पोटात घाला. यापुढे मी एकही गाडी सोडणार नाही.