खुंट्यांची भोकं

वायोमिंगमधल्या, पर्यटकांसाठी उभारलेल्या नकली जुन्या गावात, लाकडी घराच्या दारात उभी राहून गाइड डार्लीन ओरडत होती, "बघा, दरोडेखोरांच्या गोळ्यांची भोकं!" रांगेत पुढेच असलेल्या म्हाताऱ्या बहीणभावांची कुजबुज तिच्या कानावर पडली.

"एल्मर, ही तर आपल्या कोटांच्या खुंट्यांची भोकं!"

"हळू बोल, वर्ना."

"का म्हणून? माळावरचं आपलंच घर उचलून इथे मांडलंय. त्या पोरीला खरं सांगूनच टाकते."

"आई कुठे वारली, आठवतं?"

"त्या खिडकीपाशी. बाहेर एवढा बर्फ, की खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत."

"आता मागे बघ."

वर्नाने वळून पाहिलं. रांग पार फाटकापर्यंत गेली होती.

"आजी, काही सांगायचंय?" डार्लीनने विचारलं.

"नाही गं बाळ. आत येऊ दे सगळ्यांना."