हाकेला ओ देणारी गिटार

(साताऱ्यात मोती चौकामागं लियाकतचं वाद्यांचं दुकान. दुपार. वडूजहून आलेली रंगुबाई भिंतीवर टांगलेल्या गिटारींपुढं उभी. तिची पोरगी समीक्षा कंपनीतून अर्धी रजा टाकून आलेली.)

रंगुबाई : राजा! आरं ए राजाऽ!

लियाकत : ताई, कुणाला हाक मारताय? दुकानात आपण तिघंच आहोत.

समीक्षा : आये, काय चाललंय तुजं?

रंगुबाई : गप गं. आयकू दे जरा. न्हाई. ही मुकीच हाय. दादा, ती पल्याडची काडा, मोट्या पोटाची.

लियाकत : काढतो की. पण गिटार अशी हाका मारून घेत नाहीत, ताई. बोटं फिरवून ऐकायची असते. अब्बांच्या काळापासून हे दुकान आहे, पण भिंतीला हाका मारणारं गिऱ्हाईक आजच बघतोय मी.

रंगुबाई : मी अशीच घेनार.

समीक्षा : चाचा, गिटार मला पाहिजे. तुम्ही मला दाखवा. आईकडं लक्ष देऊ नका.

रंगुबाई : का म्हनं? मी काय येडी हाय?

समीक्षा : तसं कोण म्हणलं? पर लोक येतात-जातात दुकानात. बघतील की.

रंगुबाई : बगू देत. माजी गरज हाय, लोकांची न्हाई.

लियाकत : बसा, ताई. आधी पाणी घ्या. एवढ्या लांबून आलाय. आणि मला नीट सांगा, कशी हवीय ती. म्हणजे मला काढून द्यायला बरं.

रंगुबाई : ओ देनारी पायजे.

लियाकत : ओ देणारी?

रंगुबाई : माज्या पोराची व्हती, दादा. राजवर्धनची. त्यो गेल्यावर त्याच्या फोटूशेजारी खुट्टीला टांगली. कातरवेळंला मेंढरं दारात आली की मी सवयीनं हाक मारायची, राजा, फाटक लाव रं, कोकरं बाहीर जात्याल. आन एक दिस भितीवरनं ओ आली.

लियाकत : काय सांगता!

रंगुबाई : बारीक. आतल्या आत. झोपंत आसला की त्यो द्यायचा, आगदी तशी. हातातली पाटी खाली पडली माज्या. पुन्यांदा हाक मारली. पुन्यांदा ओ आली.

समीक्षा : तारा वाजतात त्या, आये. कितीदा सांगू?

लियाकत : खरंय, ताई. मोकळ्या तारा असल्या आणि समोर कुणी मोठ्यानं बोललं, की त्या आपोआप घुमतात. आमची बेगम जरिना इथं येऊन माझ्यावर ओरडली ना, की सगळी भिंत तिच्याच बाजूनं बोलते.

रंगुबाई : तुमच्या भितीला काय म्हनायचं ते म्हना. माज्या भितीवर माजं लेकरू व्हतं.

लियाकत : चुकलं माझं. हसायला नको होतं. मग ती गिटार आता कुठंय?

समीक्षा : फुटली. आयेनंच शेकली विस्तवावर.

लियाकत : या अल्ला! गिटार शेकली?

रंगुबाई : हातभर वर धरून शेकली, आत न्हाई टाकली. ह्या पावसाळ्यात आवाज बसला तिचा. हाक मारून घसा कोरडा पडायचा, पर ती हूं न्हाई का चूं न्हाई. मी म्हनलं, लेकरू रुसलं का काय. आमच्यात ढोल मऊ पडला की शेकत्यात, दादा. बिरुबाच्या जत्रंत गजी नाचायच्या आदी जाळ करायचा, ढोल धरायचा, की मग त्यो खणखणीत बोलतो. आमच्या मालकांनी उभा जलम ढोल वाजीवला. मला वाटलं, हिचंबी तसंच आसल.

लियाकत : ढोलाला कातडं असतं, ताई. तापलं की ताणतं. ही नुसती पातळ फळी, सरसानं चिकटवलेली. तारा गंजल्या असतील, म्हणून आवाज बसला. तारा बदलल्या असत्या तरी भागलं असतं.

समीक्षा : कळलं असतं तर बदलल्या असत्या की. मला तरी कुठं सांगितलं हिनं?

रंगुबाई : काड्‌दिशी वाजली. तेवढंच श्येवटचं बोलली.

लियाकत : राजवर्धन... थांबा हां. उंच, सावळा, कानात बाळी? वर्धनगडच्या घाटात गाडीवरून...

समीक्षा : व्हय, चाचा. तोच माझा भाऊ. गिटार तुमच्याकडनंच नेली होती त्यानं.

लियाकत : अरे बेटा, आधी नाही का सांगायचं! आठवतोय ना. अख्खी दुपार बसला होता त्या स्टुलावर. प्रत्येक गिटारीला कान लावून टिचकी मारायचा. मी म्हटलं, बाबा, कलिंगड घ्यायला आलायस का? तर हसला नुसता.

रंगुबाई : दात दिसायचं का हसताना? फुडचा अर्दा तुटल्याला?

लियाकत : दिसायचा, ताई.

रंगुबाई : लहानपनी मेंढ्यानं धडक दिलती. मग दादा, तुमी वळखता त्याला. तशीच द्या. डिट्टो तशीच.

लियाकत : कंपनी तीच आहे, घडण तीच आहे. ही घ्या. पुढची फळी स्प्रूसची, पाठ महागनीची. पण खरं सांगू? झाड दुसरं आहे. आवाज तोच येईल असं मी म्हणणार नाही.

रंगुबाई : धरा तुमी. आशी, माज्या तोंडाफुडं. राजाऽ!

लियाकत : घुमली बघा.

समीक्षा : आये? आये, काय झालं? अशी काय बघतीस?

रंगुबाई : ठिवा ती खाली. ठिवा, दादा, लवकर.

लियाकत : का हो? चांगलं बोलली की.

रंगुबाई : बोलली. पर त्यो न्हवं. दुसऱ्याच कुनाचं तरी प्वार बोललं. कुनाचं आसल ओ ते?

समीक्षा : कुणाचं नाही. लाकूड हाय ते. चल, आपण चहा घेऊ, नंतर येऊ पुन्हा.

रंगुबाई : मला च्या नगं. दादा, ती काळपट दिसती ती?

लियाकत : तिची पाठ शिसवीची. आवाज खोल आहे.

रंगुबाई : राजाऽ! हां, ह्यो तर त्याच्या आज्यावानी खाकरतोय. नगं. ती पिवळी?

लियाकत : ती प्लायवूडची. शिकाऊ पोरांना देतो. ती नाही बोलायची.

रंगुबाई : मग ती मोटी? कोपऱ्यातली?

समीक्षा : बास!

रंगुबाई : वरडतीस का गं?

समीक्षा : बास झालं, आये. फोनवर काय म्हणलीस तू मला? म्हणलीस, समे, तुला गिटार घिऊ, तू वाजव. त्याच्या मागं मी तारेला हात लावला न्हवता. रात दिस वाजवावं वाटायचं... जाऊ दे. मला किती बरं वाटलं माहितीय? रूमवर जागा करून ठेवली मी. आन तू हितं भितीसाठी गिटार बघतीस!

रंगुबाई : तुज्यासाठीच हाय की. घरी आलीस की वाजीव. आदीमदी भितीवर राहील.

समीक्षा : मी घरी येत न्हाई.

रंगुबाई : तेच तर म्हनते मी. का येत न्हाईस?

समीक्षा : तुला खरंच म्हाईत न्हाई?

रंगुबाई : कामाचं म्हनतीस. ओव्हरटायम म्हनतीस.

समीक्षा : गेल्या दिवाळीला आलते. चुलीपाशी तुज्या शेजारीच बसलेले, करंज्या लाटत. तू हाक मारलीस, राजा. भितीवरनं ते घुमलं. मी म्हणलं, काय गं आये, काय पाहिजे? तर तू काय म्हणलीस?

रंगुबाई : काय म्हनले?

समीक्षा : म्हणलीस, तू गप. त्याला बोलू दे.

रंगुबाई : मी आसं म्हनले?

समीक्षा : म्हणलीस. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी परत आले. मला भ्या वाटतं त्या घरात. त्याचं न्हाई वाटत. त्यो माजा भाऊ हाय, त्याचं कशाला वाटंल? मी जित्ती हाय आन तुला दिसत न्हाई, त्याचं वाटतं.

लियाकत : मी जरा बाहेर थांबतो, ताई.

रंगुबाई : थांबा, दादा. तुमी नगा जाऊ. तुमी आमच्या राजाला बगितल्यालं मानूस. सांगा हिला, मी काय मुद्दाम केलं का?

लियाकत : मुद्दाम कोण करतंय, ताई. पण पोरीचंही ऐका. तिच्यासाठी एक काढतो, बघा. ही लहान अंगाची. पार्लर म्हणतात हिला. मोठी घेतली की पोरीचा खांदा वर जाईल, हात अवघडेल. ही मांडीवर नीट बसते. पुढं सेडारचं लाकूड आहे, मऊ बोलतं. वाजव बेटा, लाजू नकोस.

समीक्षा : बोटं विसरली असतील, चाचा.

लियाकत : बोटं नाही विसरत. वाजव.

रंगुबाई : ...ह्ये कवा शिकलीस?

समीक्षा : त्यानंच शिकवलं. रानात, मेंढरामागं. त्यो वाजवायचा तवा तू आयकायचीस. मी वाजवले की म्हणायचीस, भाकरी करपली बघ.

रंगुबाई : लय बारीक बोलती गं ही.

समीक्षा : बारीकच हाय.

रंगुबाई : राजाऽ! हां... घुमती. पर त्याची न्हाई ही. ही पोरगी हाय.

समीक्षा : मीबी पोरगीच हाय, आये.

रंगुबाई : मग त्यो कुटं गेला?

समीक्षा : घाटात गेला.

रंगुबाई : घाटात?

समीक्षा : घाटात गेला, आये. पाणी पी. हितं बस माज्याजवळ. रडायचं तर रड, चाचा काय म्हणणार न्हाईत.

लियाकत : रडा, ताई. काही हरकत नाही.

रंगुबाई : मला ठावं न्हाई व्हय? तारा वाजत्यात ते मला कळत न्हाई व्हय? सगळं कळतं. पर तुजा बाप त्या दिसापास्नं मेंढराकडंच झोपतोय. घरात आला की भाकरी खातो आन जातो, तोंडातनं शबुद न्हाई. तू साताऱ्यात. दिसभर मी हाका मारते, कुत्र्याला, कोंबड्याला. मानूस आपल्या घरात हाक मारतं आन कुनीच ओ देत न्हाई, लय वंगाळ वाटतं गं ते. आपनच मेलोय का काय आसं वाटतं.

समीक्षा : मग मला मारायची हाक.

रंगुबाई : तू कुटं हुतीस?

समीक्षा : आता हाय की. चाचा, ही बांधून द्या. न्हाई, थांबा. जरा राहू दे मांडीवर. आये, आता मार हाक.

लियाकत : बेटा, तारांवर हात ठेवलायस तू. असं धरलंस तर ती घुमणार नाही.

समीक्षा : म्हणूनच ठेवलाय, चाचा. मार, आये.

रंगुबाई : कुनाला?

समीक्षा : मला.

रंगुबाई : समे!

समीक्षा : ओ, आये.

रंगुबाई : एकटीच बोललीस.

समीक्षा : व्हय. एकटीच हाय मी.

रंगुबाई : मग जरा मोट्यानं बोलत जा, बाय. मला कमी आयकू येतं हल्ली.