पानाचा डबा, शिपिंग फ्री

नाही, पण 'फ्री' लिहायची मला गरज होती का, तुम्हीच सांगा! कोणी मानेवर सुरी ठेवली होती? अहो, चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली मी, मसुरे-मालवण, मालवण-कणकवली... टपावर आंब्याची पेटी चढली की तिचं लगेज फाडल्याशिवाय घंटी मारली नाही कधी! सख्ख्या मामाच्या फणसाचंसुद्धा लगेज फाडलंय, मामा मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत... आणि असा मी, सत्यवान कंडक्टर, रिटायर झाल्यावर, दोन हजार आठ साली, कॉम्प्युटरवर जुनी वस्तू विकायला काढतो आणि खाली काय लिहून बसतो? शिपिंग फ्री!

वस्तू कसली म्हणाल तर आमच्या बाबांचा पानाचा डबा. पितळेचा, आत कात-चुना-तंबाखूचे कप्पे, आणि झाकणाला आतून अडकवलेला अडकित्ता. बाबा, म्हणजे गुणाजी, जाऊन तोवर सहा वर्षं झालेली. डबा पडवीतल्या फळीवर, आणि आमच्या बायकोला, किशोरीला, त्या फळीवर मिक्सर ठेवायचा होता. झालं! मालवणात सायबर कॅफे चालवणारी उर्वशी म्हणाली, "काका, असलो जुनो डबो शहरात लोक शोधीत आसतत, फोटो घालूया." घातला. मग म्हणाली, "शिपिंग वेगळा लावा हां काका, ता वजनावर असता." मी म्हटलं, "गो बाय, एक किलो दोनशे ग्रॅमचो डबो, तेका काय हत्तीचा भाडा पडणार आसा? फ्री लिही, गिऱ्हाईक धावत येता!" तुम्हाला सांगतो, तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं. धावत आलंच हो गिऱ्हाईक. पुण्याचे कोणी रविराज म्हणून, पानाचे डबे जमवतात. जमवोत बिचारे! अठराशे रुपये बँकेत भरून मोकळे.

आता घरात आई. सावित्री तिचं नाव, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला विचारलं, तर म्हणाली, "इक. डब्याक काय करूचा आसा माका? पण तेंका सांगून इक." तेंका म्हणजे बाबांना. आता तुम्ही म्हणाल, गेलेल्या माणसाला कसं सांगायचं? अहो, आमच्याकडे माणूस गेलं म्हणजे लगेच उठून चालू लागतं असं नाही. दुपारी तीन वाजता आमच्या पडवीत कट... कट... असा आवाज यायचा, सुपारी कातरल्यासारखा. सहा वर्षं रोज. मी म्हणायचो पाल असेल. आई चहाचे दोन कप घेऊन पडवीत जाऊन बसायची, एक स्वतःपुढे, एक समोर. समोरचा कप नंतर मीच ओतायचो माडाच्या मुळात, गार झालेला. हो, पण साय धरलेली नसायची त्याच्यावर... ते एक आपलं मी कधी कुणाला बोललो नाही.

तर कुरिअरच्या ऑफिसात चौकशीला गेलो. तिथे परशुराम म्हणून काउंटरला. तो विचारतो, "इन्शुरन्स काढणार काय? वाटेत आदळला-आपटला तर जबाबदारी नाय आमची. त्याचे वेगळे पडतले." वेगळे! शिपिंग माझ्या डोक्यावर आणि वर इन्शुरन्स! मी म्हटलं, काही नको, आमच्याकडे इन्शुरन्सपेक्षा भारी वस्तू आहे. गाऱ्हाणं! देवाला, पितरांना हात जोडून घालतात ते.

घरी आलो, डबा गुंडाळला, खोक्यात घातला, चिकटपट्टी मारली, वर नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू केलं... "बाबांनू! आज तुमच्या लेकरान तुमचो डबो इकलेलो आसा, तो पुण्याक जाता. वाटेत खंय आदळता नये, खंय पडता नये, कोणाचो वाईट हात लागता नये! तुम्ही तेच्या मागे-फुडे उभे रवा, आणि त्या माणसाच्या घरात सुखरूप नेऊन पोचता करा, बाबांनू!" आणि किशोरी आपली भाजी चिरता चिरता आतून ओरडली, "व्हय म्हाराजा!" बघा, फुकटात इन्शुरन्स. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

गावातल्या दुकानाच्या काट्यावर त्याच सकाळी वजन केलं होतं खोक्यासकट, दीड किलो. मालवणात काउंटरवर ठेवलं... चार किलो. परशुराम म्हणाला, "दगड घातलास काय रे सत्यवाना?" मी म्हटलं तुझा काटा बिघडलाय. त्याने काट्यावरून खोका उचलला, काटा शून्यावर आणला, परत ठेवला. सात! आम्ही दोघं बघतोय हां, भर दुपारी बारा वाजता, बाहेर रिक्षा उभ्या, समोर कलिंगडवाला ओरडतोय, आणि काट्यावर कोणाचा हात नाही, वारा नाही, आणि आकडा आपला हळूच... सात, सव्वासात, साडेसात... तुम्ही माणसाला एसटीत चढताना बघितलंय? म्हातारं माणूस? आधी एक पाय पायरीवर, मग दांडा धरणार, मग दम खाणार, मग दुसरा पाय... तसा तो आकडा चढत होता. चौतीस वर्षं म्हाताऱ्यांना गाडीत चढताना बघितलंय मी. मला कळत होतं काय चाललंय, पण मी कळून घेत नव्हतो. मी एवढंच ओरडलो, "परशुरामा, पावती फाड आधी!" कारण भरणार कोण? मीच! शिपिंग फ्री!

दुसऱ्या दिवशी फोन, कणकवलीहून. "पार्सलच्या वजनात फरक आहे, अकरा किलो भरतंय." फरक मी भरायचा. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरहून. "चोवीस." अहो, चपलांच्या खोक्याएवढा खोका, चोवीस किलो! तो माणूस म्हणतो, "साहेब, खोका उघडून बघितला, आत फक्त डबा आहे. डबा बाहेर काढून ठेवला तर तोच चोवीस. आणि एक विचारू का... डब्याला हा वास कसला येतो, तंबाखूचा?" मी फोन ठेवला. चौथ्या दिवशी पुण्याहून. "दोन माणसं लावून चढवला जिन्यावरून. फायनल वजन एकोणचाळीस किलो."

एकोणचाळीस.

हा आकडा माझ्या ओळखीचा. कारण ओरोसच्या हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, बाबांना काट्यावर उभं राहवेना म्हणून मीच त्यांना दोन्ही काखेत हात घालून उभं केलं होतं, आणि नर्सने कार्डावर लिहिलं होतं, एकोणचाळीस. भीती वाटली का? वाटली की! पण खरं सांगू, भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. अहो, इन्शुरन्सचे चार पैसे वाचवायला मी बापाला मालगाडीत घातला हो... आणि ते गेलेसुद्धा! सांगितलेलं काम म्हणून गेले. जन्मात कधी माझं एक ऐकलं नाही त्या माणसाने, आणि मेल्यावर ऐकलं ते हे!

त्या दुपारी तीन वाजले. पडवीत काही नाही. आई दोन कप घेऊन बसलेली. सव्वातीन. साडेतीन. मी आतून बघतोय. समोरच्या कपावर हळूहळू साय धरली. ती जाड झाली, तिला सुरकुत्या पडल्या... आई नुसती त्या सायीकडे बघतेय. मग मला हाक मारली, "झिला, गाऱ्हाण्यात काय काय सांगितलंस?" मी सगळं सांगितलं. मागे-पुढे उभे रवा, पोचता करा. आई म्हणाली, "आणि परत येवा म्हणून?"

तुम्हाला सांगतो, परत येवा म्हणायचं राहिलं होतं हो! सिंगल तिकीट फाडलं मी! कंडक्टर असून!

आईने त्या दिवसापासून जेवण अर्ध्यावर आणलं. रडणं नाही, बोलणं नाही, तीनला पडवीत जायची आणि पाच वाजता कप उचलून आत यायची. घर इतकं रिकामं झालं की मिक्सर चालू केला तर आवाज चार भिंतींवर आपटून परत यायचा. किशोरीने मिक्सर फळीवरून काढून खाली ठेवला, मी न सांगता. एक दिवस आई म्हणाली, "पंचावन्न वर्सा संसार केलंय, पण इतक्या एकटा कधी वाटला नाय रे."

आणि इकडे पुणे! रविराजांचा फोन. "काका, डब्यात काही किडा आहे का? दुपारी तीनला कटकट आवाज येतो." मी म्हटलं, असेल पाल. दोन दिवसांनी, "काका, आमच्या हॉलची भिंत पांढरी आहे, आत्ताच रंग दिलाय... त्यावर लाल पिचकारी उडालीय. आमच्याकडे पान कोणीच खात नाही. पुसली. आज पुन्हा आहे, थोडी वर." थोडी वर! बाबांचा नेम पहिल्यापासून चांगला. मग तिसरा फोन, आवाज अगदी खाली आणून, "काका, मी भिंतीकडे पाठ करून बसलो होतो, तर मागून कोणीतरी म्हणालं, 'चुनो संपलो.' हे परत घ्या. पैसे नकोत. शिपिंगचं मात्र तुमचं, कारण साइटवर तुम्हीच लिहिलंय..." हो, हो, माहितीय काय लिहिलंय! शिपिंग फ्री!

एरवी मी महिनाभर घासाघीस केली असती. पण आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, म्हटलं, पाठवा, एकोणचाळीस किलोचे भरतो, काही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी हा माणूस कुरिअरच्या ऑफिसातून मोठ्या आनंदात फोन करतो. "काका, खूशखबर! वजन दीडच किलो भरलं! तुमचे पैसे वाचले!"

पैसे वाचले... अहो, ते ऐकून आयुष्यात पहिल्यांदा मला पैसे वाचल्याचं रडू आलं. दीड किलो म्हणजे नुसता डबा! बाबा तिथेच! पोचता करा म्हटलं, पोचता केला, आता ते बसलेत त्या हॉलमध्ये, त्यांना कोणी उठा म्हटलंय का? मी ओरडलो, "थांबा! पावती फाडू नका! डबा घेऊन घरी जा, भिंतीसमोर ठेवा आणि मोबाइल स्पीकरवर लावा!"

बिचारा माणूस, पण घाबरलेला माणूस काहीही करतो. मी म्हटलं, मी काही सांगून थांबलो की तुम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तो म्हणाला, "होय महाराज." म्हटलं, तसं नाही! शेवटी कसंबसं जमलं. मग इकडे मसुऱ्यात घरी मी फोनसमोर हात जोडून उभा, मागे आई, आणि यावेळी एक अक्षर राहता कामा नये म्हणून मी लांबलचक सुरू केलं... "बाबांनू! पयल्या खेपेक माझा चुकला, लेकरू समजून पोटात घाला! तुमचा थंयला काम झाला, आता ह्याच डब्यातसून आपल्या घराक परत येवा! आई वाट बघता! वाट लांब आसा, घाट आसा, तुमचा वय झाला, एकटे येव नकात, कोणाची तरी सोबत घेवन येवा, पण येवा, बाबांनू!" तिकडून बारीक आवाजात, "व्हय... म्हाराजा." आणि मग फोनवर, लांबून कुठूनतरी, अगदी स्पष्ट, कट!

आई मागे हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

पार्सल निघालं. दीड किलोनेच निघालं. मग कोल्हापूरहून फोन, "वीस." म्हटलं चढताहेत, चढू दे. कणकवली, "एकोणचाळीस." मी किशोरीला म्हटलं, "इले गो, बाबा इले!" पेढे आणले मी, खोटं नाही सांगत! आणि मालवणहून परशुरामाचा फोन. "सत्यवाना... त्र्याऐंशी भरता हा रे."

त्र्याऐंशी? म्हटलं पुन्हा बघ. म्हणाला तीनदा बघितलं. टेम्पो करून आणला तो खोका, चौघांनी धरून पडवीत ठेवला. पैसे? विचारू नका. मी मनात म्हटलं, जेवून-खाऊन अंगात भरले असतील पुण्यात. माणूस स्वतःची समजूत घालतो हो, काय करणार...

तीन वाजले. आई नवी साडी नेसून, दोन कप घेऊन पडवीत. मी आणि किशोरी दाराआड. कट... आईने डोळे मिटले. कट... कट... आणि त्याच्यामागून किणकिण. काचेच्या बांगड्यांची. पुन्हा कट... पुन्हा किणकिण, आणि कोणीतरी पदर तोंडाला लावून हसल्यासारखं. समोर एकच कप. आई डोळे उघडून त्या कपाकडे बघत होती. कपातला चहा आमच्यादेखत खाली गेला, अर्धा. मग जरा थांबून उरलेला अर्धा.

आईने वाकून रिकाम्या कपात बघितलं. मग म्हणाली, "पंचावन्न वर्सांत माका एक सुपारी कातरून दिली नाय तेंनी."

उठली, दोन्ही कप उचलले, आत जाता जाता माझ्यासमोर थांबली. "झिला, फाल्यां सकाळीच त्या उर्वशीक सांग, डबो परत इकूक लाव. शिपिंग माझ्या काजीच्या बियांच्या पैशातसून भर."

मी म्हटलं, "अगो आई, आणि बाबा?"

"तेंची काळजी तू कित्या करतंस?" आई म्हणाली. "तेंका आता सोबत आसा मा!"